एका गाडींतला कचरा
(नभोवाणीवरील भाषण)



स्वच्छ माल आणि सरमिसळ माल यांतील फरक यवतमाळ जिल्ह्यांतील माणसाला समजावून सांगण्याचें वास्तविक कारण नाहीं. कापूस पिकविणारा हा मुलूख. बोंड फुटल्यावर वेचणी करणारी बाई पऱ्हाटीची सुकी पत्ती कापसांत येऊं देत नाहीं, कवडी कापूस निराळा बांधते, आणि पहिल्या वेच्याचा माल शेवटच्या वेच्यांत घालीत नाहीं. कारण व्यापाऱ्याचा हात ढिगांत शिरला कीं त्याला सारें समजतें, हें तिला ठाऊक असतें. परंतु या कापसाला गेल्या कांहीं दशकांत एक नवा वैरी भेटला, आणि तो म्हणजे प्लॅस्टिकचें पोतें. खताच्या रिकाम्या पोत्यांत कापूस भरला, कीं त्या पोत्याचा एखादा धागा सुटून कापसांत मिसळतो. तो पांढराच असल्यामुळें जिनिंगमध्यें कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. पुढें त्याचे बारीक तुकडे होतात, सूत निघतें, कापड विणलें जातें, आणि तें रंगाच्या हौदांतून बाहेर आलें म्हणजे मग तो धागा दिसूं लागतो. कारण पोत्याच्या त्या पॉलिप्रॉपिलीनला कापसाचा रंग चढत नाहीं. निळ्या कापडावर पांढरा ठिपका! एका धाग्यापायीं कित्येक वार कापड दुय्यम ठरतें. २००० सालीं भारत सरकारनें कापसासाठीं जें तंत्रज्ञान-अभियान सुरू केलें, त्यांत जिनिंग-प्रेसिंगच्या सुधारणेवर जो भर दिला गेला, त्याचें एक मोठें कारण ही भेसळच होती.

आज बोलावयाचें आहे तें कापसाविषयीं नव्हे, घराघरांतून निघणाऱ्या प्लॅस्टिकविषयीं. पण कापसाचा न्याय येथें जसाच्या तसा लागू पडतो.

सकाळीं घंटागाडी दारांत येते. रात्रीचें उष्टें, चहाचा चोथा, भाजीचीं देठें, दुधाची पिशवी, तेलाची रिकामी पुडी, शांपूची बाटली, फुटका मग, मुलाचें मोडकें खेळणें, आजाऱ्याच्या गोळ्यांचीं पाकिटें, हें सारें एका डब्यांतून एका गाडींत जातें. गृहिणीच्या दृष्टीनें घर स्वच्छ झालें. आणि तें झालेंच, यांत संशय नाहीं. पण त्या गाडींतील प्लॅस्टिकचें पुढें काय होतें? ‘तें वितळवून पुन्हां वापरतात’ असें आपण मुलांना सांगतों. तें केव्हां खरें असतें आणि केव्हां खोटें ठरतें, तेवढें पाहावयाचें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. प्लॅस्टिक हें एका पदार्थाचें नांव नव्हे. ‘धान्य’ म्हटलें म्हणजे जशी ज्वारीहि आली आणि तूरहि आली, तसाच हा प्रकार आहे. पाण्याची पारदर्शक बाटली ज्याची होते त्याला व्यापारांत ‘पेट’ म्हणतात. शांपूची जाड बाटली, फिनेलचा डबा, तेलाचा कॅन हीं एका जातीच्या पॉलिथिलीनचीं. दुधाची पिशवी दुसऱ्या, मऊ जातीच्या पॉलिथिलीनची. दोर, पोतीं, झाकणाचे डबे पॉलिप्रॉपिलीनचे. नळाचे पाइप पी.व्ही.सी.चे. थर्माकोलची ताटली आणखी निराळ्या पदार्थाची. बाटलीच्या बुडाशीं बाणांच्या त्रिकोणांत १ पासून ७ पर्यंत जो आंकडा कोरलेला असतो, तो ही जात सांगण्याकरितां असतो.

या जातींचे स्वभाव परस्परांशीं जुळत नाहींत. पॉलिथिलीन ११० ते १३५ अंशांच्या दरम्यान वितळतें, पॉलिप्रॉपिलीनला १६० अंश लागतात, आणि पेट वितळावयास अडीचशें अंशांच्या घरांत जावें लागतें. म्हणजे एका कढईंत सर्व घालून आंच दिली, तर कांहीं वितळून वाहूं लागलेलें असेल, कांहीं अजून टणक खडा राहिलेलें असेल. पी.व्ही.सी.ची गोष्ट तर याहून वाईट. पेट वितळण्याइतकी उष्णता पोहोंचण्यापूर्वींच तें करपून काळें पडतें आणि त्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायु सुटतो. पेटच्या घाण्यांत पी.व्ही.सी.चे थोडे तुकडे आले, तरी माल पिवळट होतो, त्यांत काळे कण दिसतात, आणि यंत्राचें पोलाद त्या आम्लानें गंजतें. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन हीं दोन्ही एकत्र वितळतात खरीं, पण तेलपाण्याप्रमाणें तीं एकजीव होत नाहींत. थंड झाल्यावर त्यांची जी वस्तु बनते, ती बाहेरून धड दिसते आणि वांकविली कीं त्या सांध्यांतून तडकते.

आतां कोणी म्हणेल, यंत्रांच्या या युगांत हें निवडणें काय कठीण आहे? कांहीं भाग खरोखरच सोपा आहे. प्लॅस्टिकचे तुकडे करून पाण्याच्या टाकींत टाकले, म्हणजे पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन वर तरंगतात, पेट खालीं बसतें. पाण्याच्या बाटलीचें बूड पेटचें आणि तिचें झांकण मात्र तरंगणाऱ्या जातीचें असतें, ही कारखानदाराच्या सुदैवाची गोष्ट म्हणावयाची. पण पेटच्या बरोबर पी.व्ही.सी.हि बुडतें, आणि वर तरंगणारीं दोन्ही एकमेकांपासून पाण्यानें वेगळीं होत नाहींत. मग अदृश्य किरणांनीं प्रत्येक तुकड्याची जात ओळखून हवेच्या फुंकरीनें तो बाजूला उडविणारीं यंत्रें आणावीं लागतात. इंदूरसारख्या शहरानें तशीं यंत्रें बसविलीं. पण तें यंत्र स्वच्छ बाटली ओळखतें. आमटीनें माखलेली, मातीनें भरलेली, चेंगरलेली आणि आंत दुसरीच पिशवी कोंबलेली बाटली त्याला ओळखतां येत नाहीं. काळें प्लॅस्टिक तर त्याला बहुधा दिसतच नाहीं, कारण काळ्या रंगांतील काजळी तो किरण शोषून घेते.

येथें सरमिसळीच्या दोन पायऱ्या आहेत, त्या वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली पायरी आपल्याकडची: ओला आणि सुका कचरा एकत्र. दुसरी पायरी अमेरिकेंतील: ओला कचरा निराळा, पण कागद, कांच, पत्रा, प्लॅस्टिक सारें एका डब्यांत.

अमेरिकेची कथा आधीं सांगतों, कारण ती अधिक बोधप्रद आहे. १९९० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियाकडून ही एकाच डब्याची पद्धति पसरत गेली. नागरिकांची सोय झाली, गाड्यांचा खर्च वांचला, गोळा होणाऱ्या मालाचें वजनहि वाढलें. पण वजन वाढलें म्हणजे उपयोगी माल तितकाच वाढला असें नव्हे. कांच फुटून तिचा चुरा कागदांत आणि प्लॅस्टिकांत शिरे. लोक ‘हेंहि चालत असेल’ अशा आशेनें नळ्या, खेळणीं, बाळाचे लंगोट त्या डब्यांत टाकीत. पातळ पिशव्या निवडण्याच्या यंत्राच्या चक्रांना गुंडाळून यंत्र बंद पाडीत. हा माल गांठोडीं बांधून चीनकडे जात असे आणि तेथें स्वस्त मजुरीवर हातांनीं निवडला जात असे. २०१७ सालच्या जुलै महिन्यांत चीननें जगाला कळविलें कीं, आतां हें पुरे झालें. २०१८ च्या आरंभापासून घरगुती प्लॅस्टिकचें भंगार त्यानें आपल्या बंदरांत घेणेंच बंद केलें, आणि जें इतर भंगार घ्यावयाचें, त्यांतहि परकी वस्तु शेंकडा अर्ध्याहून अधिक चालणार नाहीं असा दंडक घातला. तो दंडक पाळण्यासारखा माल त्या एका डब्यांतून निघेना. कित्येक गांवांनीं नागरिकांनीं मेहनतीनें वेगळा केलेला डबा सरळ खड्ड्यांत किंवा भट्टींत रिकामा केला. अमेरिकेच्या सरकारी हिशेबाप्रमाणें २०१८ सालीं तेथील प्लॅस्टिकच्या कचऱ्यापैकीं शेंकडा नऊ भागहि पुन्हां उपयोगांत आला नाहीं. याला सरमिसळ हें एकच कारण नव्हतें, नवें प्लॅस्टिक स्वस्त मिळतें हेंहि होतें. पण स्वच्छ मालाला गिऱ्हाईक तेव्हांहि मिळत होतें, सरमिसळीला मिळालें नाहीं.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या घरांत कचऱ्याची निवड घंटागाडीच्या कितीतरी आधींपासून होत आली. रद्दीवाला कागद नेई, भांडीवाली बोहारीण जुन्या कपड्यांवर वाटी देई, भंगारवाला हातगाडी घेऊन बाटल्या आणि पत्रा विकत घेई. हे लोक प्लॅस्टिकची जात विनायंत्र ओळखतात. कोणी नखानें ओरखडा काढून पाहतो, कोणी बाटली दाबून तिचा आवाज ऐकतो, कोणी पाण्यांत टाकतो, कोणी कोपरा पेटवून वासावरून सांगतो. (हें शेवटचें त्यांच्या छातीला चांगलें नव्हे.) त्यांनीं निवडलेला माल मोठ्या व्यापाऱ्यांमार्फत धारावीच्या तेरा कंपाउंडासारख्या ठिकाणीं जातो, तेथें त्याचे तुकडे होतात, ते धुतात, वितळवितात आणि त्याचा ‘दाणा’ करितात. पेटच्या बाटल्यांचा पॉलिएस्टर धागा होतो. आपल्या जिल्ह्याचा कापूस ज्या धाग्याशीं बाजारांत झुंजतो, त्यांतला कांहीं भाग आपण फेंकलेल्या बाटल्यांचाच असतो, ही एक गंमतच आहे.

ज्या दिवशीं घंटागाडीनें ओलें-सुकें एकत्र उचललें, त्या दिवशीं या मंडळींच्या हातांत येणारा माल बिघडला. आतां वेचणाऱ्या स्त्रीला तीच बाटली दारांतून नव्हे, तर डेपोच्या ढिगांतून, सडलेल्या अन्नांतून, फुटलेल्या कांचेंतून आणि कोणीतरी टाकलेल्या सुईंतून उचलावी लागते. तिचा दिवस तितकाच जातो. पण उष्ट्यांतून काढलेल्या मालाला भाव कमी, आणि पातळ पिशव्या तर ती उचलीतच नाहीं. त्यांचें कारण साधें आहे. पातळ पिशवीला वजनाच्या मानानें पृष्ठभाग फार. वरणभाताच्या उष्ट्यांतून निघालेली दुधाची पिशवी तोललीत, तर तींत प्लॅस्टिक थोडें आणि घाण अधिक भरेल. ती धुवावयाची म्हटली तर पाणी हवें. ज्या यवतमाळ शहरानें २०१८ च्या उन्हाळ्यांत निळोणा आणि चापडोह हीं दोन्ही धरणें आटल्यावर पिण्याच्या पाण्याकरितां टँकरापुढें रांगा लावल्या, त्या शहराला पिशव्या धुण्याच्या कारखान्याची महती कशी सांगावी? तीच पिशवी घरीं, दूध तापवावयास ठेवल्याबरोबर, अर्ध्या पेल्याच्या पाण्यानें खळबळून दोरीवर वाळत घातली, तर भंगारवाला ती आनंदानें नेतो.

पुण्यास १९९३ सालीं कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. तिच्यांतून निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनें २००८ सालीं पुणें महानगरपालिकेशीं करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचें काम अंगावर घेतलें. या व्यवस्थेचें मर्म असें कीं, जी बाई कचरा उचलते तीच सुका माल विकते. तो मिसळला तर तिच्या मिळकतींत तूट येते, म्हणून दारांत उभी राहून ती गृहिणीला सांगते, ‘ताई, हें ओल्यांत नका घालूं.’ टनावारीं वजनावर पैसे घेणाऱ्या ठेकेदाराला असें सांगण्याची गरज कधींच भासत नाहीं. ओला कचरा जड असतो, आणि मिसळलेला सर्वांत जड! जेथें गाडीचें बिल वजनावर निघतें, तेथें वेगळेपणाचा उपदेश केवळ नागरिकांनाच करणें हा मला अर्धवट न्याय वाटतो.

लहान गांवांना हें जमणार नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं वेंगुर्लें पाहावें. तेथील नगरपरिषदेनें, श्री. रामदास कोकरे हे मुख्याधिकारी असतांना, घरांतूनच कचरा निराळा घेण्याची शिस्त लावली आणि कचरा टाकण्याची जागा लोकांनीं सहलीला यावें अशी करून दाखविली. पणजीस गृहसंकुलांतून सोळा प्रकारांची विभागणी करण्यांत आली. जपानांतील कामिकात्सु नांवाच्या डोंगराळ खेड्यांत तर लोक चाळिसांहून अधिक प्रकार करितात. इतक्या डब्यांचा हा आदर्श यवतमाळच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडापुढें ठेवण्याचा माझा विचार नाहीं. तो बिऱ्हाडकरूंवर अन्याय होईल.

कायद्याची उणीव नाहीं. २००० सालच्या नियमांनीं कचरा वेगळा करावा असें सांगितलें. २०१६ च्या नियमांनीं ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग ठरविले. २०२६ च्या नव्या नियमांनीं एप्रिलपासून ओला, सुका, आरोग्यविषयक म्हणजे डायपर वगैरे, आणि विशेष काळजीचा असे चार भाग केले आहेत. तथापि गृहिणींचा जो प्रश्न सर्वत्र ऐकूं येतो, तो कायद्यानें सुटत नाहीं: ‘आम्ही दोन डबे भरतों, आणि गाडीवाला दोन्ही एकाच ठिकाणीं ओततो, मग आम्ही कां श्रमावें?’ प्रश्न रास्त आहे. गाडीला दोन कप्पे असले, तरी सुक्याचा कप्पा आधीं भरतो, कारण सुका माल हलका आणि फुगीर असतो. मग उरलेलें सारें दुसऱ्यांत जातें. यावर महागडा उपाय म्हणजे अधिक गाड्या. स्वस्त उपाय म्हणजे दिवस वांटून घेणें. ओला कचरा रोज, आणि सुका आठवड्यांतून दोनच ठरलेल्या दिवशीं, त्याच गाडीनें पण स्वतंत्र फेरींत. सुकें प्लॅस्टिक कुजत नाहीं. तें घरांत चार दिवस एका गोणींत राहिलें तर कांहीं बिघडत नाहीं. आणि ती फेरी सुरू होईपर्यंत तीच गोणी भंगारवाल्याला द्यावी. गाडीवाल्यावर रुसून ओल्यांत सुकें घालणें म्हणजे रुसवा त्याच्यावर आणि शिक्षा वेचणाऱ्या बाईला.

वेगळें केल्यानें सगळें प्लॅस्टिक तरून जाईल, असें मात्र कोणी समजूं नये. वेफरचें पाकीट, शांपूची पुडी, गरम मसाल्याचें चकचकीत वेष्टण हीं एकावर एक चिकटविलेल्या थरांचीं असतात: बाहेर एक प्लॅस्टिक, मध्यें बहुधा ॲल्युमिनियमची पातळ झांक, आंत दुसरें प्लॅस्टिक. हे थर फायदेशीरपणें सोडविण्याची सोय आपल्या बाजारांत नाहीं. भंगारवाला तीं घेत नाहीं, आणि त्याचें बरोबर आहे. तीं जातात सिमेंटच्या भट्टींत इंधन म्हणून, नाहीं तर डांबरी रस्त्यांत. सिमेंटची भट्टी कशी धगधगते, हें २०२२ पासून मुकुटबनच्या परिसरांतील श्रोत्यांना सांगावयास नको. रस्त्याची युक्ति मदुरेच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांची. २०१८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. तापलेल्या खडीवर प्लॅस्टिकचा चुरा टाकला कीं तो वितळून खडीला लेप बसतो, आणि वर डांबर घट्ट धरतें. पण या दोन्ही मार्गांनाहि तोच दंडक लागू आहे: माल कोरडा हवा, आणि त्यांत पी.व्ही.सी. नको. ओला कचरा भट्टीची उष्णताच खातो, आणि पी.व्ही.सी.तील क्लोरीन भट्टीला व हवेला दोघांनाहि बाधतो.

आतांपर्यंत प्लॅस्टिकचें नुकसान सांगितलें. सरमिसळींत ओल्या कचऱ्याचेंहि तितकेंच नुकसान होतें, आणि तें थेट शेतकऱ्याच्या बांधावर येऊन पोहोंचतें. शहरांतील ओल्या कचऱ्याचें खत करून तें ‘हरित महासिटी कंपोस्ट’ या नांवानें विकण्याची योजना महाराष्ट्र शासनानें काढली. कल्पना उत्तम आहे. आपल्या काळ्या मातीला सेंद्रिय खत हवेंच आहे. पण मिसळलेल्या कचऱ्याच्या खतांत चाळणींतूनहि निसटलेल्या पिशव्यांच्या चिंध्या असतात. शेतांत त्या कुजत नाहींत. उन्हानें त्यांचे तुकडे होतात, पुढें त्यांची भुकटी होते, आणि ती मातींतच राहते. ज्या शेतकऱ्यानें एकदां असें खत पसरून पाहिलें, तो दुसऱ्यांदा फुकट दिलें तरी घेत नाहीं.

शेवटीं एका वस्तूविषयीं बोलावयाचें आहे, जी इतर शहरांच्या कचऱ्यांत क्वचित् सांपडते आणि आपल्या जिल्ह्यांत पावसाळ्याच्या उत्तरार्धांत सर्वत्र सांपडते. ती म्हणजे कीटकनाशकाची रिकामी बाटली. २०१७ च्या हंगामांत फवारणी करतांना विषबाधा होऊन या जिल्ह्यांत वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मेले आणि शेंकडों दवाखान्यांत पडले, हें कोणी विसरलेलें नाहीं. त्या औषधाची बाटली जाड, चांगल्या प्लॅस्टिकची असते. म्हणून ती फेंकवत नाहीं. कोणी तींत तेल ठेवतो, कोणी भंगारांत घालतो, कोणी घंटागाडींत टाकतो. शांपूच्या बाटलीशेजारीं ती पडली, कीं वेचणाऱ्याला दोन्ही सारख्याच. त्या प्लॅस्टिकमध्यें मुरलेलें विष साध्या धुण्यानें पुरतें निघत नाहीं, आणि दोहोंचा मिळून जो दाणा होतो, त्याची बादली होईल कीं खेळणें होईल, याचा पत्ता पुढें कोणालाच लागत नाहीं. म्हणूनच २०१६ च्या नियमांत कीटकनाशकांचे डबे घरगुती घातक कचऱ्यांत घातले होते, आणि १९७१ च्या कीटकनाशक नियमांनींहि रिकामीं पात्रें फोडून वस्तीपासून दूर पुरण्यास सांगितलें होतें.

फवारणीच्या वेळीं बाटली रिकामी झाली, कीं तेथेंच, शेतांतच, ती तीन वेळां पाण्यानें खळबळावी आणि तें पाणी फवारणीच्या पंपांतच ओतावें. विहिरींत किंवा नाल्यांत नव्हे. मग बुडाला खिळ्यानें भोंक पाडावें, म्हणजे घरांतील कोणी तींत कांहीं भरून ठेवणार नाहीं. घरच्या कचऱ्याबरोबर ती गांवांत आणूंच नये. आणि शहराच्या कडेला राहणाऱ्या ज्यांच्या घरीं ती आलीच असेल, त्यांनीं ती निराळ्या पिशवींत घट्ट बांधून, ‘भाऊ, ही औषधाची बाटली आहे’ असें तोंडानें सांगून घंटागाडीच्या माणसाच्या हवालीं करावी. तो बहुधा हातमोज्यांवांचून काम करीत असतो.